‘डिसगाइज’ला मराठीत काय म्हणायचं? आधी विचारा: कोण, आणि कशासाठी?

अनुवादाच्या कामाला नुकती सुरुवात केली होती तेव्हाची गोष्ट. एका इंग्रजी संतचरित्राचं मराठी करायला घेतलं होतं. त्यात एक वाक्य आलं: ‘द लॉर्ड केम इन डिसगाइज अँड कॅरीड वॉटर फॉर ट्वेल्व्ह इयर्स.’ मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘प्रत्यक्ष देव वेषांतर करून आला आणि बारा वर्षं पाणी भरत राहिला.’ संपादक बाईंकडून कागद परत आले तेव्हा ‘वेषांतर’भोवती लाल गोल होता आणि समासात चारच शब्द: ‘देव काय फरारी आहे?’

त्यांचं बरोबर होतं. पैठणला एकनाथांच्या घरी कावडीनं पाणी वाहणारा श्रीखंड्या म्हणजे देव, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती सांगताना कोणी ‘देवाने वेषांतर केलं’ म्हणत नाही. देव ‘श्रीखंड्याच्या रूपाने’ आला. दामाजीपंतांनी दुष्काळात वाटलेल्या धान्याचे पैसे बेदरच्या बादशहाकडे भरायला गेला, तोही ‘विठू महाराच्या रूपाने’. उलट रावण पर्णकुटीच्या दारात उभा राहिला तो भिक्षुकाचं ‘सोंग घेऊन’. इंग्रजीत हे सगळे एकाच रांगेत ‘इन डिसगाइज’.

या शब्दाची खरी अडचण ही आहे. इंग्रजी ‘डिसगाइज’ कोणाची बाजू घेत नाही. देव, राजा, चोर, हेर, फुलपाखरू, सगळ्यांना तो चालतो. मराठीत मात्र शब्द उचलला की निवाडा झाला. ‘रूप’ म्हटलं की हात जोडले जातात, ‘सोंग’ म्हटलं की भुवई वर जाते, ‘तोतया’ म्हटलं की पोलीस येतात. म्हणून हा शब्द शिकायचा तर शब्दकोशातला पहिला अर्थ पाठ करून भागत नाही. खाली मी स्वतः ज्या क्रमाने शिकलो, त्याच क्रमाने सांगतो.

पायरी पहिली: तोंडात आणि हातात नीट बसवा

उच्चार ‘डिस्-गाइज’. जोर दुसऱ्या अवयवावर, ‘गाइज’वर. शेवटचा ज ‘जरा’तला, ‘जेवण’मधला नव्हे. पुष्कळ जण ‘डिसगाईस’ असा स काढतात. शेवटी एस हे अक्षर दिसतं म्हणून तसं होतं, पण तो चुकीचा.

स्पेलिंगमध्ये घसरायची जागा एकच: जीनंतरचा यू. डी-आय-एस-जी-यू-आय-एस-ई. ‘गाइड’मध्ये यू आहे तसाच इथेही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

पायरी दुसरी: शब्द उसवून पाहा

‘डिसगाइज’ जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यातला ‘गाइज’ म्हणजे रीत, धाटणी, नेहमीची पद्धत. ‘लाइकवाइज’, ‘अदरवाइज’ यांच्या शेपटीला जो ‘वाइज’ आहे तो याच कुळातला, जर्मानिक मुळाचा. म्हणजे आरंभी या शब्दात फसवणूक नव्हतीच. आपली रोजची धाटणी सोडून वेगळा पोशाख करणं, इतकाच अर्थ होता. ओळख लपवण्याचा हेतू नंतर चिकटला.

मराठी ‘वेषांतर’ची घडणही तशीच आहे, वेषात अंतर. पण आपल्याकडे त्याला इतिहासाचा आणि बातम्यांचा वास लागला: महाराज, हेर, क्रांतिकारक, फरार आरोपी. म्हणून संपादक बाईंना तो देवाला खटकला.

पायरी तिसरी: वाक्यात कसा बसतो

इथे मराठी माणसाच्या चुका ठरलेल्या आहेत, आणि सगळ्या आपल्याच वाक्यरचनेतून येतात.

‘त्याने फकिराचा वेष घेतला’ या वाक्यात ‘स्वतःला’ नाही. म्हणून आपण इंग्रजीतही ते गाळतो आणि ‘ही डिसगाइज्ड अ‍ॅज अ फकीर’ लिहितो. क्रियापद सकर्मक आहे, त्याला कर्म हवं. एकतर ‘ही डिसगाइज्ड हिमसेल्फ अ‍ॅज अ फकीर’ किंवा ‘ही वॉज डिसगाइज्ड अ‍ॅज अ फकीर’. दोन्ही चालतात. पहिल्यात कृती आहे, दुसऱ्यात अवस्था.

‘सारखा’ हा शब्द डोक्यात असल्यामुळे ‘डिसगाइज्ड लाइक अ फकीर’ असंही लिहिलं जातं. तिथे ‘अ‍ॅज’च हवं. माणूस फकिरासारखा दिसत नाहीये, फकीर म्हणून वावरतोय.

नाम म्हणून वापरताना ‘इन डिसगाइज’ हा जोडीचा शब्द आहे. मध्ये ‘अ’ नको, आणि तो नामाच्या नंतर येतो: ‘अ प्रिन्स इन डिसगाइज’. पण दाढी-मिशा, पगडी, चष्मा असा सगळा सरंजाम सांगायचा असेल तर तो ‘अ डिसगाइज’ होतो: ‘हिज डिसगाइज वॉज अ फॉल्स बिअर्ड अँड अ टर्बन.’ मराठीत अवस्थेला वेषांतर म्हणतात आणि सरंजामाला नुसता वेष.

आणि ‘अंडर द गाइज ऑफ’ हा वेगळा प्राणी आहे. त्यात कपडे नसतातच. ‘मदतीच्या नावाखाली’, ‘चौकशीच्या बहाण्याने’, ‘पत्ता विचारण्याच्या बहाण्याने मंगळसूत्र हिसकावले’ हे सगळं त्यात बसतं. बातमीत ‘बहाण्याने’ दिसलं की ‘डिसगाइज’ बाजूला ठेवा आणि ‘गाइज’ घ्या.

पायरी चौथी: एका गोष्टीवर तीन क्रियापदं घासून पाहा

शेजारशेजारचे अर्थ वेगळे करायला मी वर्गात नेहमी आग्र्याची सुटका घेतो. १७ ऑगस्ट १६६६. आपल्याला परंपरेने सांगितली जाते त्या गोष्टीत तीन वेगळ्या युक्त्या आहेत आणि इंग्रजीत तिन्हींना वेगळं क्रियापद लागतं.

महाराज आणि संभाजीराजे मिठाईच्या पेटाऱ्यांतून बाहेर पडले. हे वेषांतर नव्हे, लपणं आहे: ‘हाइड’. नजरेआड होणं.

मागे पलंगावर हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन झोपले, महाराजांचं कडं असलेला हात बाहेर ठेवून. ते कोणी ‘दुसरे’ झाले नाहीत, एका ठरावीक जिवंत माणसाच्या जागी झोपले. याला ‘इम्पर्सनेट’.

परतीच्या वाटेवर महाराजांनी गोसाव्याचा वेष घेतला. अमुक गोसावी नव्हे, कोणीही एक गोसावी. हा ‘डिसगाइज’.

नियम यातूनच निघतो. नजरेस पडायचंच नाही तर हाइड. नजरेस पडायचं पण ओळखू यायचं नाही तर डिसगाइज. दुसऱ्याच्या नावावर, पदावर हक्क सांगायचा तर इम्पर्सनेट.

‘इम्पर्सनेट’ करणाऱ्याला मराठीत ‘तोतया’ हा खणखणीत शब्द आहे. तो रुळला तो सदाशिवरावभाऊंच्या तोतयाच्या प्रकरणाने. १७६१ला पानिपतावर भाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलं नाही, आणि काही वर्षांनी ‘मीच भाऊ’ म्हणत एक जण उभा राहिला. कोकणात त्याच्यामागे फौज जमली, किल्ले गेले, पेशवाई हादरली. अखेर १७७६ला त्याला पकडून देहान्त दिला. इंग्रजीत तो ‘इम्पोस्टर’. त्याला ‘मॅन इन डिसगाइज’ म्हटलं तर सगळी गोष्टच पुसट होते.

आजच्या बातम्यांत ‘तोतया पोलिसांनी वृद्धेचे दागिने लांबवले’ येतं किंवा भरतीच्या परीक्षेत ‘डमी उमेदवार’ पकडला जातो, तेही याच खणातलं. बोलीभाषेत ‘पोझिंग अ‍ॅज पोलिसमेन’ म्हणतात. कायद्याची भाषा मात्र ‘चीटिंग बाय पर्सनेशन’, आधीचा ‘इम’ गाळून. जुन्या दंड संहितेत याच्या शिक्षेचं कलम ४१९ होतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१९ झालं. सरकारी नोकर असल्याची बतावणी केली तर वेगळं कलम, २०४.

गंमत अशी की हाच ‘इम्पर्सनेटर’ रंगभूमीवर गेला की निर्दोष होतो. बालगंधर्वांसारख्या नटांबद्दल इंग्रजीत लिहिणारे ‘फीमेल इम्पर्सनेटर’ म्हणतात. त्याचं मराठी करताना ‘तोतया’ लिहाल तर लोक मारायला उठतील. तिथे ‘स्त्रीपार्टी नट’ किंवा ‘स्त्री भूमिका करणारे’.

पायरी पाचवी: मराठीचा डबा उघडा

आता उलट दिशेने. इंग्रजी वाक्य समोर आहे आणि त्यात डिसगाइज आहे. स्वतःला विचारायचं: वेष कोणी पालटला, कशासाठी, आणि सांगणारा कोणाच्या बाजूचा?

सांगणाऱ्याला कौतुक असेल तर ‘वेष पालटून’, ‘वेषांतर करून’. पांडव विराटाघरी राहिले, युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. तिथे हाच सूर. त्यांनी मुक्कामही पालटला, नावंही, कामंही, म्हणून त्या वर्षाला आपण नुसतं वेषांतर न म्हणता ‘अज्ञातवास’ म्हणतो.

श्रद्धा असेल तर ‘रूप घेऊन’, ‘रूपाने’. अगदी घरगुती इंग्रजीत कोणी नर्सबद्दल ‘अ‍ॅन एंजल इन डिसगाइज’ म्हणतं, त्याला ‘वेषांतरित देवदूत’ लिहू नका. ‘देवासारखी धावून आली.’ मराठीत डिसगाइज गळून पडला तरी काही हरवत नाही.

राग असेल तर ‘सोंग’, ‘ढोंग’, ‘बतावणी’, ‘आव’. यांतही पायऱ्या आहेत. सोंगात कला असते. गणपतीत, शिमग्यात सोंगं काढतात, ती चांगलीच. झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, इथे ते किंचित काळं होतं. ढोंग पूर्ण काळं. आव हा बारका, रोजचा: ‘सगळं माहीत असल्याचा आव’. वर बगळ्याचं ध्यान, आत माशावर डोळा असेल तर ‘बगळाभगत’. आणि ‘वुल्फ इन शीप्स क्लोदिंग’ला ‘मेंढीचं कातडं पांघरलेला लांडगा’ चालतं, पण ते बायबलमार्गे आलेलं आहे. आपला मूळचा ‘गोमुखव्याघ्र’ जास्त झणझणीत.

बहुरूपी या सगळ्यांच्या पलीकडचा. पोलिसाचा गणवेश घालून तो दारात उभा राहतो, तुमच्या नावाचं वॉरंट आहे म्हणतो, घरातल्या पोरांची तंतरते, आणि मग हसून हात पुढे करतो. तो ओळख लपवायला वेष घेत नाही, ओळखू यावा म्हणूनच घेतो. मी अजून त्याला एका शब्दात इंग्रजीत नेऊ शकलेलो नाही. ‘बहुरूपी’च लिहितो आणि पुढे एका वाक्यात समजावतो.

दोन ठिकाणी तर डिसगाइज आणूच नये. शाळेच्या गॅदरिंगमधली वेशभूषा स्पर्धा: टिळक झालेला सहा वर्षांचा मुलगा ‘इन डिसगाइज’ नसतो, ‘फॅन्सी ड्रेस’मध्ये किंवा ‘ड्रेस्ड अप अ‍ॅज’ असतो. आणि ‘साध्या वेशातील पोलीस’: ते ‘प्लेन क्लोद्स’मध्ये असतात. त्यांनी दुसऱ्या कोणाचा वेष घेतलेला नसतो, फक्त गणवेश काढलेला असतो. लष्करी माणसं यालाच ‘मुफ्ती’ म्हणतात. साध्या वेशातला हवालदार भाजीवाला होऊन गाडी लावून बसला, की मग डिसगाइज.

पायरी सहावी: माणूस नसेल तेव्हा

शब्दाचा निम्मा वापर इथे आहे आणि शिकवताना नेमका तोच राहून जातो. राग, निराशा, कडूपणा, वास, आवाज, अक्षर, काहीही ‘डिसगाइज’ करता येतं. मराठीत त्याला वेष नको, ‘लपवणं’, ‘झाकणं’, ‘दिसू न देणं’, ‘बदलणं’ पुरतं. ‘शी कुडंट डिसगाइज हर अँगर’: तिला राग लपवता आला नाही. गूळ-चिंचेने कारल्याचा कडूपणा झाकतात. निनावी फोन करणारा आवाज बदलतो. ‘देअर इज नो डिसगाइजिंग द फॅक्ट’ म्हणजे ‘हे काही झाकून राहत नाही’. ‘थिनली डिसगाइज्ड’ म्हणजे नाव न घेता केलेली टीका, पण रोख कोणावर हे शेंबड्या पोरालाही कळावं अशी. राजकीय बातम्यांत त्याला ‘नाव न घेता टोला’ म्हणतात, आणि मला ते भाषांतर फार आवडतं.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी ‘डिसगाइज्ड अनएम्प्लॉयमेंट’. मराठी अर्थशास्त्राच्या पुस्तकांत प्रच्छन्न किंवा छुपी बेरोजगारी. दोन माणसांच्या शेतीवर घरातली पाच राबतात, सगळे कामात दिसतात, पण तिघं काढून घेतली तरी पीक तेवढंच येतं. आपण हे शेतीशीच जोडतो, पण १९३६ला ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी ही संज्ञा मांडली ती कामावरून सुटलेल्या आणि पोटासाठी मिळेल ते किरकोळ काम करू लागलेल्या लोकांसाठी. विकसनशील देशांतल्या शेतीला ती नंतर लागली. इथे वेष घेतला आहे तो बेकारीनेच, रोजगाराचा. या एका प्रतिमेमुळे विद्यार्थ्यांना संज्ञा पटकन कळते, हा अनुभव आहे.

पायरी सातवी: कढीपत्त्याच्या कुंडीपाशी जा

‘कॅमफ्लाज’, ‘मास्करेड’, ‘मिमिक्री’ हे शब्द डिसगाइजच्या बदली कसेही वापरले जातात. फरक पाठ करू नका, पाहा. घरी कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर पावसाळ्यात कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं.

अंड्यातून निघालेली लहान अळी तपकिरी-पांढरी, हुबेहूब पक्ष्याची शीट. पक्ष्याला ती दिसते, पण खाण्याची वस्तू वाटत नाही. जीवशास्त्रात याला मास्करेड म्हणतात. अळी मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते आणि पानांत असून नसल्यासारखी होते. आता ती दिसतच नाही. हे कॅमफ्लाज. पुढे फुलपाखरू झाल्यावर यातल्या काही माद्या कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांसारखे लाल ठिपके मिरवतात. पक्ष्याला त्या दिसतात, फुलपाखरू म्हणूनच दिसतात, पण दुसरंच, विषारी. ती मिमिक्री. एकाच कुंडीत तीन शब्द.

माणसांच्या जगात हे अर्थ थोडे सरकतात. कॅमफ्लाज हा शब्द इंग्रजीत आला पहिल्या महायुद्धात. फ्रेंच सैन्याने १९१५ला चित्रकारांना हाताशी धरून तोफा, गाड्या रंगवण्याचा खास विभाग काढला, तिथून. म्हणून त्याला अजून लष्करी रंग आहे. मास्करेड म्हणजे मूळचा मुखवट्यांचा नाच, आणि आता ‘खोट्या रूपाने मिरवणं’. उच्चार ‘मॅस्करेड’, जोर ‘रेड’वर. क्यूमुळे ‘मास्क्वेरेड’ म्हणू नका. यातला ‘मास्क’ आणि आपली ‘मस्करी’ एकाच अरबी मुळाशी जातात असं काही भाषाभ्यासक मानतात. मला ते खरं निघावं असं वाटतं.

‘इनकॉग्निटो’ इटालियन, अर्थ ‘अनोळखी’. यात वेषापेक्षा नाव महत्त्वाचं. रशियाचा झार पीटर १६९७ला युरोपात फिरायला निघाला तो ‘प्योत्र मिखाइलोव’ या साध्या नावाने. साडेसहा फुटांहून उंच माणूस, ओळखला जायचाच. पण नाव बदललं की दरबारी मानपान टळतात. ब्राउझरमधल्या इनकॉग्निटो खिडकीचंही तसंच: ती तुमच्याच मशीनवर पाहिलेल्याची नोंद ठेवत नाही, पण इंटरनेट पुरवणाऱ्यापासून किंवा ऑफिसच्या नेटवर्कपासून तोंड लपवत नाही. तिला ‘अदृश्य मोड’ म्हणणारे फसतात.

शेवटची पायरी: ‘ब्लेसिंग इन डिसगाइज’

याचं ‘छुपा आशीर्वाद’, ‘वेषांतरित वरदान’ असं भाषांतर मी छापील मजकुरात पाहिलं आहे. गरज नाही. मराठीत तयार शब्द आहे: इष्टापत्ती. इष्ट आणि आपत्ती, दोन्ही एकाच शब्दात. ‘बदली रद्द झाली ही इष्टापत्तीच ठरली.’ ‘ठरली’ हे क्रियापद महत्त्वाचं, कारण इंग्रजीतही हा वाक्प्रचार बहुतेक वेळा मागे वळून पाहतानाच शोभतो: ‘इट टर्न्ड आउट टू बी’. संकट ताजं असताना समोरच्याला हे ऐकवू नये. नोकरी गेलेल्या मित्राला तर नाहीच.

जुलै १९४५ला, युरोपातलं युद्ध जिंकून निवडणूक हरलेल्या चर्चिलना त्यांच्या पत्नीने जेवताना हेच म्हणून धीर द्यायचा प्रयत्न केला. ही आठवण खुद्द चर्चिलनीच लिहून ठेवली आहे. त्यांच्या उत्तराचं मराठी करायला मला दोन दिवस लागले. ‘इष्टापत्ती’ वापरली तर वेषाचा श्लेष मरतो, ‘वेषांतर’ वापरलं तर वाक्प्रचार मरतो. शेवटी इष्टापत्ती बायकोच्या तोंडी ठेवली आणि नवऱ्याला म्हणायला लावलं: ‘असेल. पण सध्या तरी तिने वेष फार बेमालूम घेतलाय.’ यावेळी संपादक बाईंनी लाल गोल काढला नाही. ‘बेमालूम’खाली फक्त एक रेघ मारली होती.